मधे बोलायची शिकवणी

कूरिंगा फार्म
गुरुवार, ६ मार्च

ब्रॉन,

टपालाचं विमान यायला अर्धा तास आहे, म्हणून घाईत लिहितोय. अक्षराला हसू नकोस. फोन केला असता, पण इथला फोन स्वयंपाकघरात आहे, आणि मी तो उचलला की पाचही गडी चहाचे मग घेऊन भोवती बसतात. मला ते 'बाई' म्हणतात. "काय बाई, आज कुणाची आठवण?" फार्मवर राहून घरच्या मुलांना शिकवायला सगळीकडे मुलीच येतात. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून नऊ वर्षांच्या पोरीला भागाकार शिकवायला आलेला गाढव मी पहिलाच. जानेवारीत प्रशिक्षणाच्या आठवड्यात तू मला हे सांगितलं होतंस, आणि सांगताना इतकी हसली होतीस की हातातलं सॉसेज खाली पडलं होतं. असो.

मुद्दा त्या पोरीचा, मेरिनचा आहे. मागच्या आठवड्यात तिची मावशी रोवेना आली होती, अॅडलेडहून, दोन मुली घेऊन. त्या दोघी सकाळी उठल्यापासून बोलत असतात, एकमेकींच्या अंगावरून, एकमेकींच्या तोंडातून. मेरिन मधे उभी राहून नुसती मान इकडे तिकडे फिरवायची. चार दिवसांत पोरगी सहा वाक्यं बोलली असेल. शेवटच्या दिवशी जेवताना मावशीने निकाल दिला, "ग्वेन, या पोरीला माणसांची सवयच नाही. वासरांत राहून वासरू झालीय ती."

आणि ग्वेनने, मेरिनच्या सख्ख्या आईने, मान डोलवली! ठरलं असं, की जूनमध्ये शहरात शाळेचा मेळावा आहे, सगळ्या फार्मवरची मुलं तीन दिवस एकत्र येतात, मावशीही बघायला येणार. तिथे मेरिन मुलांत मिसळली तर बाराव्या वर्षापर्यंत घरीच शिकेल. नाहीतर जुलैच्या सत्रापासून मावशीकडे, अॅडलेडच्या शाळेत. मेरिनने जाळीच्या दारामागून हे सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या मधेच मला विचारते, "फर्ग, मिसळायचं म्हणजे नक्की काय करायचं?"

काय सांगणार कपाळ?

माझा संताप संताप झालाय. या मुलीला मैत्रीण नाही? तू शिकवतेस ती हेटी कोण मग? रोज शहरातून लाइनवर चालणारा वर्ग संपला की आमच्या मिस लॅव्हर पाव तास ती लाइन मुलांना मोकळी सोडतात तेव्हा या दोघी बोलतात ते काय असतं? हिचं वासरू काय प्यायलं, तिचं वासरू कुठे धडपडलं. दोन वर्षं झाली. एकमेकींचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही, कॅमेरा लावला की सगळ्या वर्गाचा आवाज जातो. त्यात तुमच्याकडची लाइन अशी की हेटीचं वाक्य मधेच पाच पाच वेळा तुटतं, आणि आमची मेरिन शांत वाट बघत बसते.

तर हेटीला मेळाव्याला आण. तू पण येशीलच. हे मी फक्त मेरिनसाठी म्हणतोय.

फर्गस


कूरिंगा
गुरुवार, १३ मार्च

ब्रॉन,

तुझं उत्तर नाही. वेळ नसेल. किंवा मी गेल्या पत्रात काही जास्त बोललो असेन. सॉसेजचं लिहायला नको होतं. राग आला असेल तर सरळ सांग, आणि आला नसेल तरी सांग. हेटीचं काय ते तरी कळव.

फर्गस


विलारा फार्म
१३ मार्च

फर्गस,

विमान आधी कूरिंगाला उतरतं, मग विलाराला, मग शहरात जातं. तुझं पत्र माझ्याकडे चाळीस मिनिटांत येतं. माझं पत्र शहरात जाऊन आठवडाभर पोत्यात झोपतं आणि मग तुझ्याकडे येतं. तेव्हा मी उत्तर देत नाही असं मनात आणायच्या आधी थोडं गणित कर. तू शिक्षक आहेस म्हणे.

(हे लिहिता लिहिता तुझं दुसरं पत्र येऊन पडलं. बघ.)

मेरिनचं मला काय वाटतं ते सांगते. आपल्या शाळेत एका वेळी एकच माइक चालतो. दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया जातं. पाच वर्षांची असल्यापासून या मुलांना आपण काय शिकवतो? समोरच्याचं पुरं होऊ दे, मग बटण दाब. मेरिन त्या बहिणींचं पुरं व्हायची वाट बघत होती. त्यांचं पुरं होत नाही, त्याला ती काय करणार? हे मुकेपण नाही, ही रीत आहे. एवढं ग्वेनला नीट, हळू आवाजात सांगितलंस तर पुरे.

हेटीला विचारते. तिला घाई करणार नाही, तूही करू नकोस. तिच्याबद्दल काही गोष्टी आहेत त्या तिच्या आईने सांगायच्या, मी नाही. मेरिनशी बोलायला मिळतं म्हणून ती सकाळी अंथरुणातून उठते, एवढं मी लिहू शकते.

तुला मेरिनची काळजी किती आणि मेळाव्याची ओढ किती, हे मी विचारत नाही.

ब्रॉनविन


कूरिंगा
२७ मार्च

ब्रॉन, तू कमाल आहेस!

तुझं पत्र वाचलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरीला सगळं येतं, फक्त मधे बोलायला येत नाही! मग शिकवू की. भागाकार शिकवला तसं.

ग्वेनला सांगून काय उपयोग? तिच्या कानात बहिणीने आधीच बोळे घातलेत. मी सांगायला गेलो तर दुसऱ्या वाक्याला माझा आवाज चढला आणि ती म्हणाली, "फर्गस, भिंतीपलीकडे लोक आहेत." तर बोलणं बंद, कामाला लागलोय.

शिकवणी रात्रीच्या जेवणाला चालते. गडी तयारच होते, डॅरिलने तर नियमच केला: जो मधे घुसेल त्यालाच बटाटे. बिचारी पहिले तीन दिवस नुसतं मांस आणि पाव खाऊन उठली. काल मात्र डॅरिल बैलाची गोष्ट सांगत होता, आणि ही एकदम उभी राहिली. "डॅरिल, पुरे! आता माझं ऐक!" सगळ्या टेबलावर चमचे वाजले. ग्वेनसुद्धा हसली. मेरिनचे कान लाल. अर्धं भांडं बटाटे वाढून घेतले तिने.

मी तिला एकच गोष्ट घोकवतोय. थांबलीस की लोक तुला मूर्ख समजणार.

आणि हो, मेळाव्याची ओढ आहे. विचारत नाहीस तरी सांगतो.

फर्गस


विलारा
३ एप्रिल

फर्गस,

मी असं म्हटलं नव्हतं. पुन्हा वाच. आणि हे थांबव, निदान वर्गाच्या वेळेत तरी. कारण काय ते मला लिहिता येत नाही, पण कारण आहे. माझ्यावर विश्वास ठेव.

ब्रॉनविन


कूरिंगा
१ मे

ब्रॉन,

तुझं ते तीन ओळींचं पत्र मिळालं होतं. उत्तर दिलं नाही, कारण राग आला होता. सगळे मला हेच सांगतात, थांब, थांब. बापाने सांगितलं, कॉलेजात सांगितलं, आता तूही. मला वाटलं तुला माझ्यावर भरवसा नाही.

तर ऐक, यश! सुट्टी संपून सोमवारी सत्र सुरू झालं. पोरगी ओळखू येत नाही. मिस लॅव्हरने प्रश्न विचारला की हिचं बटण आधी. काल मोकळ्या पाव तासात चार मुलांना हसवलं तिने. डॅरिल पाण्याच्या हौदात पडला ती गोष्ट. हेटी काहीतरी सुरू करत होती, तुमची लाइन नेहमीसारखी तुटली, तेवढ्यात हिने धरली संधी आणि गोष्ट ठोकून दिली. मी दाराबाहेर मूठ आवळून नाचत होतो.

मेळाव्याला सात आठवडे. मावशीच्या नाकावर टिच्चून घरी राहणार ही.

तू कुठला रंग घालणार आहेस? असंच विचारतोय.

फर्गस


विलारा
८ मे

फर्गस,

हेटीच्या आईची परवानगी घेऊन लिहितेय. शांत बसून वाच.

आमची लाइन कधीच तुटत नाही. हेटी अडखळते. 'म' आणि 'व' तर तिच्या ओठांवर चिकटून बसतात, कधी कधी मिनिटभर. दुकानात, पाहुण्यांत, कुणीही तिचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतं, म्हणून ती कुणाशी बोलतच नाही. वर्गात तिची आई तसं कुणाला कळू देत नाही, मुलं लाइनलाच नावं ठेवतात, आणि मिस लॅव्हर वाट बघतात. आणि मेरिन वाट बघते. दोन वर्षांत मेरिनने एकदाही तिचा शब्द तोडला नव्हता.

त्या बुधवारी हेटी तिला सांगत होती की तिचं वासरू मेलं. सकाळपासून ते वाक्य तिने माझ्याबरोबर अकरा वेळा म्हणून पाहिलं होतं. 'वासरू'च्या 'वा'वर ती अडली होती. तुझी लाइन तुटली ती तिथे. मग सगळे हसले, डॅरिलच्या हौदाला.

तिने हेडफोन काढून कपाटात ठेवलेत. वर्ग स्पीकरवर ऐकते, मोकळ्या वेळात उठून जाते. मेळाव्याला येणार नाही म्हणते.

मी तुला थांब म्हटलं होतं. तीनच ओळी होत्या, फर्गस.

रंगाचं विचारलंस. खाकी. मी नेहमी खाकीच घालते.

ब्रॉनविन


कूरिंगा
२२ मे

ब्रॉनविन,

चार पत्रं लिहून फाडली. एकात तुला दोष दिला होता, आधी का नाही सांगितलंस म्हणून. ते सगळ्यात आधी फाडलं.

मेरिनला सांगितलं. ती रडेल वाटलं होतं. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"लाइन तुटते तेव्हा काहीच ऐकू येत नाही, फर्ग. हेटी थांबते तेव्हा तिचा श्वास ऐकू येतो."

"मग मधे का बोललीस?"

"तूच म्हणालास ना, थांबलं की लोक मूर्ख समजतात. मला वाटलं हेटी मला मूर्ख समजत असेल. इतके दिवस."

मी बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीला लाथ मारली. अंगठा सुजलाय. गडी विचारतात, बाई लंगडतात का?

वासराचं ऐकून मात्र ती रडली. तेव्हापासून मोकळा पाव तास ती हेडफोन लावून बसते. बोलत नाही, दुसऱ्या कुणाशीही नाही. मिस लॅव्हरने परवा ग्वेनला फोन करून सांगितलं की मेरिन पुन्हा गप्प झालीय. ग्वेनने लगेच बहिणीला कळवलं. मावशीने तिकडे खोली रंगवायला घेतलीय! मेरिनला रंग विचारला, तर ही म्हणाली, "कुठलाही." सगळीकडून कोंडी. मी शिकवलं ते चूक, विसरायला लावतोय तर तेही हिच्याच अंगाशी.

बटाट्याचा नियम मोडला. डॅरिलने पोरीची माफी मागितली, का ते त्याला कळलेलं नाही तरी.

हेटीला आण, ब्रॉन. कसंही करून. या वेळी खरोखर मेरिनसाठी म्हणतोय. ती जुलैत गेली आणि तोवर हेटीला भेटली नाही, तर हे आयुष्यभर तिच्या डोक्यात तसंच राहील. माझ्याही.

फर्गस


विलारा
२६ जून

फर्गस,

मेळाव्यातून तू दुसऱ्या दिवशी दुपारीच गेलास, त्यामुळे पुढचं तुला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. ग्वेन कमी बोलते, आणि मेरिन तुझ्यावर चिडलीय.

आधी तुझं बोलू. रोवेना म्हणाली, "बघा, दोघी पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसल्या, जग गेलं खड्ड्यात." चूक बोलली. पण तू काय केलंस? सगळ्या पालकांसमोर, हातात केकची बशी धरून ओरडलास, "तुमच्या अॅडलेडमध्ये एकमेकींवर भुंकण्याला गप्पा म्हणत असतील!" बशी उडाली. रोवेनाच्या कोटावर क्रीम. ग्वेनने तुला टायर न्यायला आलेल्या ट्रकमध्ये बसवून परत पाठवलं त्यात तिचं काय चुकलं? तू मेरिनची बाजू मांडलीस असं तुला वाटतं. मेरिन टाकीमागून सगळं ऐकत होती. हेटीही. मी धावत गेले तर हेटीने माझा हात इतका घट्ट धरला की वळ उठले.

तिसऱ्या दिवशी सकाळी थंडी होती. त्या दोघी पुन्हा टाकीमागे, एक घोंगडी दोघींच्या खांद्यावर. मेरिन रोज पाव तास नुसती तिची वाट बघत बसते हे सांगितलं म्हणून हेटी यायला तयार झाली होती, पण पहिले दोन दिवस दोघी फारसं बोलल्याच नव्हत्या. एकमेकींकडे बघायलाही लाजत होत्या. मग पाठीला पाठ लावून बसल्या आणि जरा जमलं. मी ग्वेनला म्हटलं, चहा घेऊन या बाकावर बस, आणि काही बोलू नकोस. ती बसली.

मेरिन म्हणाली, "वासराचं सांग."

हेटीने सुरुवात केली. पहिल्याच शब्दाला अडली. आणि तेवढ्यात रोवेना आली, बहिणीला शोधत. बाई वाईट नाही, तिला दया आली. ती वाकून म्हणाली, "वासरू, असंच ना बाळा? वासरू?"

मेरिन वळलीही नाही. म्हणाली, "मावशी, तिचं चाललंय."

आवाज चढवला नाही. जेवताना मीठ दे म्हणावं तसं. रोवेना तिथेच उभी राहिली, कारण पुढे काय करायचं ते तिला कळेना. मग हेटीने सगळं सांगितलं. वासरू सकाळी उठलं नाही, नाक गार होतं, बाबांनी पोत्यात गुंडाळून नेलं, तिला नेऊ दिलं नाही. फर्गस, दुसऱ्या कुणाला दोन मिनिटं लागली असती. तिला किती लागली माहीत नाही, पण ग्वेनच्या मगातला चहा न पिता गार झाला. मेरिनने तेवढ्या वेळात एक शब्द काढला नाही. पुरं झाल्यावर विचारलं, "त्याचे कान कसे होते?" आणि हेटीने तेही सांगितलं.

रोवेना जाताना म्हणाली की दोघींनाही डॉक्टरला दाखवा. काही माणसं बदलत नाहीत. पण ग्वेनने तिला ती रंगवलेली खोली तुझ्या मुलींनाच दे म्हणून सांगितलं. मेरिन घरीच राहतेय, बाराव्या वर्षापर्यंत. ग्वेन मला म्हणाली, "इतकं लक्ष देऊन माझं कुणी आजवर ऐकलेलं नाही." नवऱ्याबद्दल म्हणाली असावी.

आता माझं. मेळाव्याच्या पहिल्या संध्याकाळी, दोरीवर पडदे वाळत घातले होते तिथे, तू मला विचारलंस, "ब्रॉन, तुला मी आवडतो का?" मी तोंड उघडलं. शब्द यायच्या आत तू म्हणालास, "नाही ना, माहीत होतं मला," आणि तरातरा निघून गेलास. मी तिथे तोंड उघडं टाकून उभी.

उत्तर मी पत्रात लिहिणार नाही.

ब्रॉनविन


कूरिंगा
गुरुवार, ३ जुलै

ब्रॉन,

पायलट स्वयंपाकघरात चहा पितोय, तेवढ्यात लिहितोय.

ग्वेनने मला उद्यापासून, म्हणजे सत्र संपल्यावर, मोकळं केलंय. भांडली नाही. म्हणाली, "तू मुलगा चांगला आहेस, पण माझ्या मुलीला शिकवायला आता मी बसेन. मलाच शिकायचंय." मी भांडायला तोंड उघडलं होतं. मिटलं. फार जड जातं ते, दाढा दुखतात.

मेरिन अजून चिडलेलीच आहे. काल तिच्यासमोर जाऊन बसलो आणि माफी मागितली, आणि मग ती काय म्हणते याची वाट बघितली. बराच वेळ ती पेन्सिलीला टोक करत राहिली. मला दहा वेळा वाटलं, आपणच काहीतरी बोलून टाकावं. शेवटी म्हणाली, "हेटी म्हणते तू ओरडतोस तेव्हा घाबरल्यासारखा दिसतोस." एवढंच. माफ केलं की नाही ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

पुढच्या गुरुवारी, १० तारखेला, या विमानातून मी शहरात जातोय. पुढे कुठे ते ठरलेलं नाही. बापाला अजून कळवलेलं नाही. वाटेत विलाराला विमान टपालाची पोती उतरेपर्यंत उभं राहतं. तुझं पत्र त्याआधी माझ्यापर्यंत पोचूच शकत नाही. बघ, गणित केलं.

मी खाली उतरेन. काही विचारणार नाही, विचारून झालंय. तू धावपट्टीवर आली नाहीस तर ते उत्तर समजेन, आणि शहरापर्यंत पायलटचं डोकं खाईन. आलीस तर तू बोल. तुला हवा तेवढा वेळ घे.

पायलट चिडेल. चिडू दे.

फर्गस